वीसच्या आतला पट

मित्रहो, शिक्षक संघटना आणि सरकार यांचं भांडण म्हटलं की आपल्याला पगार आणि पेन्शन आठवते. मार्च 2023 चा जुन्या पेन्शनचा संप त्याच जातीचा. 2024 चा वाद मात्र पटसंख्येवरून पेटला.

15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे, म्हणजे कोणत्या शाळेला किती पदं द्यायची याचे निकष बदलले. शिक्षण हक्क कायदा सांगतो, पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. सहावी ते आठवीला वर्गागणिक किमान एक. नव्या निकषांनी वरच्या वर्गांचा पट वीसच्या आत असेल, तर तिथली पदंच धोक्यात आणली. पुढे 5 सप्टेंबरला, ऐन शिक्षक दिनी (मुहूर्त कुणी काढला कोण जाणे!), वीसपर्यंत पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, मानधन महिना 15,000, असा निर्णय आला. मोर्चा तोंडावर येताच सरकारनं विसाचे दहा केले. तरी 25 सप्टेंबरला शिक्षक सामूहिक रजेवर गेलेच.

द्विशिक्षकी शाळा म्हणजे काय ते बघा. पहिली आणि दुसरी एका खोलीत, तिसरी आणि चौथी शेजारच्या खोलीत. एक गुरुजी केंद्रशाळेत बैठकीला गेले की चारही वर्ग एकट्या बाईंकडे. त्यात पोषण आहाराची नोंद मोबाइलवर भरायची, रेंज नसेल तर बांधावर जाऊन. आणि ज्या मुलाचं आधार जुळत नाही, ते पहिल्या बाकावर बसलेलं असलं तरी संचमान्यतेत धरलं जात नाही.

पट घटतोय, हे सरकारचं म्हणणं खोटं नाही. गावं रिकामी होतात, इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वाडीपर्यंत येते. पण शिक्षक कमी केल्यावर उरलेले पालकही दाखला काढतात, हा हिशेब मंत्रालयात कुणी मांडत नाही. संघटनांबद्दलही बोलतो. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचं समायोजन, म्हणजे त्यांना दुसऱ्या कोणत्या शाळेत सामावून घेणार, यावर त्या हिरिरीनं भांडतात. पालकांना सोबत घ्यायचं मात्र बहुतेक वेळा राहून जातं.

आता राजकारण. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघांच्या सात जागा आहेत. शिक्षकांचा आवाज तिथे पोचतो, असं आपण धरून चालतो. पण राज्यघटनेच्या कलम 171 प्रमाणे तिथे मत माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांतल्या शिक्षकांना. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या बाई निवडणुकीच्या कामाला जुंपल्या जातात, या मतदारसंघात त्यांचं नाव नसतं. वीसच्या आतल्या शाळा बहुतांशी त्यांच्याच. मग त्यांच्या हाती रजेचा अर्ज आणि जिल्हाधिकारी कचेरीवरचा मोर्चा, एवढंच उरतं.