1 मे 1960 : एका रविवारची नोंद

[पडद्यावर : द्विभाषिक मुंबई राज्याचा नकाशा]

शनिवारची रात्र सरली, बारा वाजले आणि मुंबईच्या राजभवनात पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र राज्याचं उद्घाटन झालं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री, श्रीप्रकाश राज्यपाल.

वाटणी झाली ती मुंबई पुनर्रचना अधिनियमानुसार. जुन्या विधानसभेच्या 396 जागांपैकी 264 महाराष्ट्राला, 132 गुजरातला. जिल्हे 26 आणि 17. पण सीमा जिल्ह्याच्या हद्दीवरच थांबली नाही. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबारकडची काही गावं परिशिष्टात नावानिशी लिहून गुजरातला दिली. डांगही तिकडेच गेला. बेळगाव, निपाणी, कारवार म्हैसूर राज्यातच राहिले; गोव्यात अजून पोर्तुगीज होते. ज्या नकाशासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, तो त्या रात्री पुरा झाला नव्हता, हे उत्सवाची चित्रं दाखवतानाही सांगायलाच हवं.

अहमदाबादला गांधीवादी समाजसेवक रविशंकर महाराजांनी गुजरातचं उद्घाटन केलं. तिथलं उच्च न्यायालयही याच तारखेचं.

[पडद्यावर : पेशावर ते बोडो, विमानमार्ग]

त्याच सकाळी पेशावरहून अमेरिकेचं यू-2 हे हेरगिरीचं विमान उडालं. वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स. नऊएक तासांत सोव्हिएत संघ ओलांडून नॉर्वेतल्या बोडोला उतरायचं होतं. उंची सुमारे 70 हजार फूट. दिवस मात्र चुकीचा निवडला होता. मे दिनाच्या सुट्टीमुळे आकाशात इतर विमानं तुरळक, त्यामुळे रडारवर हा एकच ठिपका सहज हेरता येत होता.

सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्कजवळ जमिनीवरून सोडलेलं एस-75 क्षेपणास्त्र विमानाच्या मागे फुटलं. पॉवर्स पुढे फेकला गेला होता. तशात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची उडवली असती तर पाय कापले गेले असते. म्हणून त्यानं काचेचं छत हातानं सोडलं, पट्टा काढला आणि अर्धा बाहेर ओढला गेला. प्राणवायूच्या नळ्यांनी त्याला अडकवून धरलं. कॅमेरा उडवणाऱ्या स्फोटकाला 70 सेकंदांचा अवधी होता, पण त्याच्या बटणांपर्यंत हात पोचेना. नळ्या तुटल्या, पॅराशूट उघडलं. सोव्हिएत क्षेपणास्त्रांनी त्यांचंच एक मिग-19 विमानही पाडलं. त्यातला वैमानिक सेर्गेई साफ्रोनोव दगावला.

वैमानिक वाचणारच नाही, असं अमेरिकेनं गृहीत धरलं होतं. हवामान संशोधनाचं विमान भरकटल्याची कथा त्याच भरवशावर रचली. 7 मे रोजी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी पॉवर्स जिवंत असल्याचं जाहीर केलं आणि बड्या राष्ट्रांची पॅरिसची शिखर परिषद कोसळली. दहा वर्षांची शिक्षा झालेल्या पॉवर्सची 10 फेब्रुवारी 1962 रोजी बर्लिनच्या ग्लीनिके पुलावर सोव्हिएत हेर रुडॉल्फ आबेलच्या बदल्यात सुटका झाली.

आणि याच रविवारी अमेरिकेच्या केंटकी राज्यात स्टीव्ह कॉथेनचा जन्म झाला. 1978 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, अफर्म्ड या घोड्यावर त्यानं अमेरिकी घोडेशर्यतींचा तिहेरी मुकुट, म्हणजे एकाच वर्षी तीन मोठ्या शर्यती, जिंकला. इतक्या लहान वयात हा मान मिळवणारा तो पहिलाच जॉकी.