बाळ घरी कशातून नेणार?

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘मागे तोंड करून बसवायची बालसीट: शास्त्र, व्यवहार आणि कायदा’. म्हणजे गाडीच्या सीटवर लावायची छोटी खुर्ची, जिच्यात बाळाला गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून पट्ट्यांनी बांधतात. तिन्ही भाग मी आणलेत. सुरुवातीला मला सांगा, इथे आज्या किती आहेत? हात वर करा. आता यातल्या किती जणींनी तान्ह्या नातवंडाला मांडीवर घेऊन गाडीतून प्रवास केलाय? बघा, एकही हात खाली आला नाही. घ्या खाली. मी रागवायला आलेली नाही, कारण तुम्हाला हे आम्ही डॉक्टरांनीच सांगायला हवं होतं आणि आम्ही सांगितलं नाही.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. बाळ जन्मलं की आम्ही बीसीजी देतो, पोलिओचे थेंब देतो, कावीळ ‘बी’ची लस देतो. वजन, लघवी, शी, दूध, सगळं कार्डावर लिहितो. आणि मग तेच बाळ दुपट्यात गुंडाळून आईच्या हातात ठेवतो, आणि आई गाडीच्या पुढच्या सीटवर बसते. पुढेच का, तर एसी तिथे नीट लागतो, टाके दुखत असतात आणि ती सीट मागे रेलता येते. तिच्यासमोर डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते. ती मोठ्या माणसासाठी बनवलेली आहे, आणि आईच्या मांडीवरचं बाळ बरोबर तिच्या वाटेत असतं.

म्हणून मी ज्या रुग्णालयात मानद म्हणून जायचे, तिथे एक सूचना केली. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ वाढवा: ‘बाळ घरी कशातून नेणार?’ एवढंच. नर्सने विचारायचं, उत्तर लिहायचं, कारने जाणार असतील तर दोन मिनिटं समजवायचं. बैठक बोलावली गेली. चहा आला, बिस्किटं आली. प्रशासनातले एक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, आपली जबाबदारी पोर्चपर्यंत. पुढे नातेवाईक बघतील.” दुसरे म्हणाले, लोकांना वाटेल आपण सीट विकायला बसलोय. तिसऱ्यांनी विचारलं, रिक्षाने जाणाऱ्यांचं काय? प्रश्न रास्त होता. रिक्षात ही सीट बसत नाही. पण म्हणून कारने जाणाऱ्यालाही काही सांगायचं नाही, हा कुठला न्याय? फाइल बंद झाली. मी पुन्हा मांडली, पुन्हा बंद झाली. त्याच काळात पोर्चमध्ये फुगे लावायची सोय मात्र झाली, फोटोसाठी मागे गुलाबी-निळा पडदाही आला. फुग्यांवर माझा राग नाही, आनंदाचा दिवस असतो तो. पण ज्या दारात फुगे लावता येतात, त्या दारात एक प्रश्नही विचारता येतो. मी आजही प्रत्येक घरच्यांना तोंडी विचारते, आणि दर वेळी तेच उत्तर ऐकते: “डॉक्टर, आम्ही घट्ट धरतो ना!”

या घट्ट धरण्याबद्दल बोलू. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी कशावर आदळली आणि पुढचा भाग चेपत अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येकावर त्याच्या वजनाच्या वीसपट जोर येतो. गणित सोपं आहे, दहावीचं आहे. दहा किलोचं मूल त्या क्षणी दोनशे किलोचं होतं. मांडीवर दोनशे किलो कोण धरेल? आईचं प्रेम कमी पडतं असं कुणी म्हणू नये. हात कमी पडतात. त्या वेगाने आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणं.

आणि हा प्रसंग आपल्याकडे कधी येतो ते बघा. पहिलं बाळंतपण माहेरी. दोन-तीन महिन्यांनी बाळ सासरी जातं. सांगलीहून पुण्याला, नागपूरहून मुंबईला. म्हणजे बाळाचा आयुष्यातला पहिला मोठा प्रवास हमरस्त्यावरून, भरधाव, आणि मानही नीट सावरत नसताना. बाळंतविड्यात काय काय येतं! चांदीचे वाळे, झबली, गाद्या, पाळणा. माझी मागणी आहे की त्यात ही सीट यावी. मामाने आणावी, आत्याने आणावी, दोघांनी मिळून आणावी. वाळे पुढच्या महिन्यात आले तरी चालतील. हसा, पण घरी जाऊन सांगा.

आता तोंड मागे का? नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या पाव भाग असतं, मोठ्यांचं साधारण सातवा-आठवा हिस्सा. मानेचे मणके जन्मतः अखंड हाड नसतात. तुकडे कूर्चेने, म्हणजे मऊ, लवचीक हाडाने जोडलेले असतात आणि पूर्ण सांधायला तीन ते सहा वर्षं लागतात. तोंड पुढे करून बसवलेल्या मुलाचं धड पट्टा धरून ठेवतो, पण जड डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. कूर्चा ताणली जाते, आतला मज्जारज्जू तेवढा ताण सोसत नाही. तोंड मागे असेल तर डोकं, मान, पाठ एकदमच सीटच्या पाठीवर दाबली जातात आणि जोर सगळ्या पाठीवर वाटला जातो. समोरून होणारी टक्कर फार वेगाची असते, म्हणून हे इतकं महत्त्वाचं.

ही कल्पना स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमन या डॉक्टरांची. अमेरिकेच्या जेमिनी यानात अंतराळवीर पाठीवर रेलून बसत, म्हणजे उड्डाणाचा जोर पाठीवर पसरे. ते पाहून आल्डमन यांनी 1964 मध्ये मुलांची सीट करून व्होल्वोच्या पीव्ही 544 गाडीत तपासली. 1972 मध्ये व्होल्वोने अशी सीट बाजारात आणली. तिथे आज मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसतात. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने 2011 मध्ये दोन वर्षांपर्यंत म्हटलं होतं, 2018 मध्ये वयाची अट काढून ‘सीटची मर्यादा संपेपर्यंत’ असं केलं. आल्डमन यांच्यावर मी तासभर बोलू शकते, पण...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. मग व्यवहार आणि कायदा भरभर घेते.

पाय आखडतात ही पहिली तक्रार. आपली मुलं जमिनीवर मांडी घालून जेवतात, सीटवरही मांडी घालतात. रडतं ही दुसरी. रडेल. पहिल्या दिवसापासून सवय लावली तर पुढे कमी रडतं, म्हणूनच म्हणते की घरी नेतानाच सीट हवी. सीट कधीपर्यंत पुरते? छोटी सीट तेरा किलोपर्यंत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन 12.2 किलो, मुलीचं 11.5. म्हणजे वजनाने ती दोन वर्षं सहज जाते. पण उंची बघा: डोक्याचा वरचा भाग सीटच्या वरच्या कडेपासून इंचभर अंतरावर पोहोचला की ती संपली. मागे तोंड करून अठरा किलो घेणारी सीट मिळाली, तर चौथ्या वर्षापर्यंत प्रश्न मिटतो, तेव्हाचं मधलं वजन सोळाच्या आसपास असतं. खोक्यावर ‘अठरा किलो’ लिहिलेलं ते मागे तोंड करून की पुढे, हे दुकानात विचारा. बहुतेक फसगत तिथे होते.

बसवताना सीट गाडीच्या मागच्या सीटवर. पुढे चालू एअरबॅगसमोर कधीच नाही. पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, खांद्यावर पट्ट्याची चिमूट येऊ नये इतके घट्ट. दुपट्यात गुंडाळून बांधू नका, पायांमधला पट्टा बसणारच नाही. आधी पट्टे, मग वरून दुपटं. तान्ह्याची हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो, म्हणून उतार सीटच्या खुणेप्रमाणे. दर दीड-दोन तासांनी थांबा, बाहेर काढा, पाजा. गाडीतून उतरल्यावर सीटमध्ये झोपवून ठेवू नका. मे महिन्यात पट्ट्याचं बकल आधी हाताने तपासा, चटका बसतो.

कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 194 ब, 2019 च्या दुरुस्तीतलं. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालसीटने बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड. यातला ‘किंवा’ मला खटकतो, कारण मोठ्यांचा पट्टा वर्षाच्या मुलाच्या गळ्यावर येतो. तिथे वयाप्रमाणे बालसीट सक्तीची हवी. आणि “आमच्या गाडीला पाच स्टार आहेत” म्हणणाऱ्यांसाठी: गाड्या आदळवून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या भारत एनकॅप या चाचणीत मुलांचे स्टार दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या आकाराचे पुतळे बालसीटमध्ये बसवून ठरवतात. सीटच नसेल तर ते स्टार तुमच्या मुलाचे नाहीत.

दुचाकीवरच्या मुलांचं राहिलं, प्रश्नोत्तरांत विचारा. एक सीट मी सोबत आणली आहे, खाली पार्किंगमध्ये माझ्या गाडीत लावलेली आहे. ज्यांच्या घरी या वर्षी बाळ येणार आहे त्यांनी आपली गाडी शेजारी लावा, सीट तुमच्या गाडीत बसते का ते आत्ताच बघू.