वस्तऱ्यांचा डबा

नमस्कार मंडळी. आज वस्तऱ्यांबद्दल बोलायचंय. सलूनमध्ये अर्धं ब्लेड मोडून घालतात ते नव्हेत हां, मी म्हणतोय ते जुने, अख्ख्या पोलादी पात्याचे, चामोट्यावर परजून वापरायचे, न्हाव्याच्या धोकटीतले. माझ्याकडे असे एकोणीस झालेत. पहिला मिळाला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, जुन्या किल्ल्या नि कुलपांच्या ढिगात, आणि मग काय, नादच लागला. आई म्हणते, अरे, घरात सलून काढतोयस काय?

आता गोव्यात लोखंडी वस्तू जपायची म्हटलं की सगळे पावसालाच शिव्या घालतात. जून ते सप्टेंबर भिंतीला ओल, चपलेला बुरशी, मग वस्तरा गंजला तर नवल काय. मीही तेच म्हणायचो. पहिल्या वर्षी मी प्रत्येक वस्तरा वर्तमानपत्रात गुंडाळला, काही चामड्याच्या पाकिटात घातले, सगळे एका बिस्किटांच्या डब्यात कोंबले, झाकण घट्ट लावलं आणि डबा कपाटात ठेवला, त्याच कपाटात जिथे कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून आपल्याकडे पिवळा बल्ब लावून ठेवतात ना, तो पण होता. म्हटलं झालं, आता पाऊस काय करतोय बघू.

चतुर्थीला माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीची, सुतळी शोधताना डबा हाताला लागला. उघडला तर असा झणझणीत वास आला की नाक मागे घेतलं, आंबट आणि कापरासारखा, दोन्ही एकदम. मधासारख्या पिवळ्या मुठीचा एक वस्तरा होता, त्या मुठीवर बारीक बारीक तडे, पात्याचा जो भाग मुठीच्या आत मिटून राहतो तेवढाच खाल्लेला, आणि त्याच्या शेजारचे दोनही गेले. डब्याच्या दुसऱ्या टोकाचे मात्र बऱ्यापैकी ठीक. पाऊस सगळ्यांना सारखाच होता की!

भानगड त्या मुठीची होती. ती सेल्युलॉइडची, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या एका प्लॅस्टिकची. शिंग आणि हस्तिदंत महाग, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ह्या स्वस्त मुठी आल्या, दिसायला सुंदर, पण म्हातारपणी त्या कुजायला लागतात आणि त्यातून जो वायू सुटतो तो ओल मिळाली की आम्ल होतो. उघड्यावर तो उडून जातो, बंद डब्यात तो तिथंच, शेजाऱ्यापाजाऱ्यांना खात बसतो. उष्णतेनं हे अजून वाढतं, म्हणजे मी बल्ब लावून मदतच करत होतो. आणि जुन्या सिनेमाची रिळं भडाभडा पेटायची ना, ती ह्याच पदार्थाची, त्यामुळे बल्बचं कपाट आणि सेल्युलॉइड, विचार करूनच अंगावर काटा येतो.

तर आता सेल्युलॉइडवाले वेगळे, दोन खोक्यांत, हवा खेळेल असे, आणि महिन्यातून एकदा मी चक्क हुंगून बघतो. शिंगाच्या, लाकडाच्या मुठीचे मात्र हवाबंद प्लॅस्टिक डब्यात, सोबत सिलिका जेल, ओल शोषून घेणारे दाणे. निळे दाणे गुलाबी झाले की भट्टीत तापवून परत निळे. डब्यात एक छोटा आर्द्रता मीटर टाकलाय, पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला की पुरे, फार सुकवलं तर शिंगाला चिरा पडतात. चामडं ओल धरून बसतं म्हणून चामड्याची पाकिटं हद्दपार, वर्तमानपत्रही नाही, आणि रबर बँड तर अजिबात नाही.

पात्याला शिवणयंत्राचं पातळ तेल, एकच थेंब. खोबरेल नको, काही महिन्यांत खवट आणि चिकट होतं. हात लावला की आधी पुसायचं, घामातलं मीठ बोटाचा ठसा गंजात उमटवतं, माझ्या एका पात्यावर अंगठा अजून दिसतो. मुठीच्या खिळ्याजवळ पाणी अडकतं, तिथं टिश्यूची गुंडाळी सरकवून फिरवायची. आणि दाढी करून लगेच डब्यात घालू नका, रात्रभर उघडा राहू दे, पण बाथरूममध्ये नव्हे.

मांडायचं म्हणाल तर मी फक्त पाचच मांडतो, काचेच्या पेटीत, आतल्या भिंतीवर. बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीतून पावसात ओल झिरपते, आणि खिडकीसमोरच्या उन्हात मुठीचा रंग उडतो. पाती अर्धी उघडी ठेवलीत, कुठल्या गावचा ते सांगणारा शिक्का दिसावा म्हणून, जर्मनीतलं झोलिंगेन, इंग्लंडातलं शेफील्ड वगैरे. नुसतं जर्मनी असं इंग्रजीत कोरलेलं दिसलं तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेनं १८९०च्या कायद्यानं बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. पात्याची रुंदी मोजतात इंचाच्या अष्टमांशात, म्हणजे आपल्या सुताराच्या भाषेत पाच सूत, सहा सूत. पाहुण्यांना सांगायला बरं पडतं.

पेटीला काच आणि कुलूप दोन्ही लावलंय. कुलूप पोरांसाठी. काच पालीसाठी, कारण आधी उघड्या फळीवर मांडले होते तेव्हा एक पाल रोज रात्री नेमकी सहा सुताच्या शेफील्डवरच कार्यक्रम उरकून जायची, आणि तो डाग अजून निघालेला नाही.