अक्षर, रंग आणि वाकळ

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या भाषणाचा विषय आहे सुलेखन, चित्रकला आणि वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, शिवणे. अक्षर गुरुजींचे, रंग चित्रकाराचे आणि वाकळ घरातल्या थोरल्या बाईची, अशी वाटणी आपण फार पूर्वीच करून टाकली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागात मात्र ही तिन्ही कामे एकाच हाताला, एकाच कापडावर आणि केवळ स्वतःच्या समाधानासाठी करता येतील एवढे साहित्य घरोघरी पडून आहे.

प्रथम अक्षराकडे वळू. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या ट्रंकेत जमिनीचे आणि देण्याघेण्याचे मोडी लिपीतले कागद असतील. 1956 पर्यंत हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि त्याआधीच्या कितीतरी पिढ्यांचे व्यवहार मोडीत लिहिले गेले. ते कागद वाचता आले नाहीत तरी एकदा उजेडात धरून पाहावेत. लिहिणाऱ्याने आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढलेली दिसेल आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे त्या रेघेखाली टांगलेली दिसतील. हाताची लय म्हणजे काय, हे समजण्यासाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही.

स्वतः लिहायला बसायचे असेल तर बोरू, म्हणजे तासून टोक केलेली बोरूची लेखणी, घ्यावा आणि त्याच्या टोकाचा काप नीट पाहावा. देवनागरीचा काप रोमन लिपीच्या कापाच्या उलट बाजूला तिरपा असतो. पुन्हा सांगते, देवनागरीचा काप उलट बाजूला तिरपा असतो, आणि म्हणूनच इंग्रजी अक्षरांसाठी मिळणाऱ्या महागड्या निबांनी मराठी लिहिले की जाड रेघेच्या जागी बारीक रेघ आणि बारीक रेघेच्या जागी जाड रेघ उमटते. दौतीत कापसाचा बोळा घालावा, म्हणजे बोरू शाई बेताने उचलतो. जाता जाता एक सांगते, दुकानाच्या पाटीवर कोणती भाषा वर असावी आणि किती मोठी असावी यावर आपल्या गावात वाद पुष्कळ होतात, परंतु ते अक्षर, मराठी असो वा कन्नड, निदान सुबक असावे असा आग्रह धरणारा मला अजून भेटायचा आहे. रंगवलेल्या पाट्या गेल्या, फ्लेक्स आले, आणि ब्रश धरणारे हात रिकामे झाले.

चित्रकलेविषयी थोडक्यात बोलते, कारण या शहराला तिची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. के. बी. कुलकर्णी यांच्यासारखे चित्रकार इथे राहिले आणि त्यांनी इथेच विद्यार्थी घडवले. बेळगावात 1935 साली जन्मलेले रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. स्वतःसाठी चित्र काढणाऱ्याने स्पर्धेतला तो डोंगर, तो अर्धा सूर्य आणि ती झोपडी सोडून द्यावी आणि शनिवारच्या बाजारातून आणलेली भाजी पिशवीतून काढून समोर ठेवावी.

आता वाकळ. तिच्याविषयी बोलायचे तर मला नंदगडच्या आत्यांची हकीकत सांगितलीच पाहिजे.

आमच्या घरी आजीचे, आईचे आणि काकूंचे एकेक लुगडे राहिले होते. त्यांची वाकळ करावी असे ठरले आणि शिवायला आत्या आल्या. माझ्या मनात असे होते, की ज्यांची लुगडी त्यांच्या माहेरची नावे मोठ्या अक्षरांत लिहून वाकळेच्या दर्शनी बाजूला लावावीत. आजी निपाणीच्या, आई चंदगडची, काकू बेळगुंदीच्या. मांजरपाट धुवून, पेजेची खळ देऊन, वाळवून मी त्यावर दीड वीत उंचीची तीन नावे लिहिली आणि निपाणीपाशी तंबाखूचे पान, चंदगडपाशी काजूचे बोंड, बेळगुंदीपाशी रताळ्याचा वेल रंगवला. कापडाचे रंग वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवून पक्के केले आणि मोठ्या अभिमानाने ते कापड आत्यांसमोर पसरले.

आत्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी विचारले, "हे काय करूलीस गं?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "अक्षरावर पाय पडतोय की. सरस्वती हाय ती. झोपेत कुणाचा पाय कुठं जातोय कुणाला ठावं?" नावे उशाकडे लावू, असे मी सुचवले. त्यावर त्या म्हणाल्या, "पोरं उशाकडं पाय करून निजत्यात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग तोडगाही त्यांनीच काढला. अक्षरांचे कापड वाकळेच्या पोटात घालायचे, वरून आईचे लुगडे, खालून आजीचे, आणि मधल्या थरांत काकूंच्या लुगड्याचे तुकडे. म्हणजे मी इतक्या निगुतीने लिहिलेले आणि रंगवलेले सगळे कायमचे झाकले जाणार. मी काही बोलण्याआधीच त्यांची दुसरी अट आली, की अक्षराला सुईसुद्धा टोचायची नाही. वाकळेला तर बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी घालाव्या लागतात, नाहीतर आतले थर गोळा होतात. तेव्हा मी प्रत्येक अक्षराच्या कडेने लाल दोऱ्याने कच्चे टाके घातले, ते वरच्या लुगड्यापर्यंत आरपार घेतले, आणि आत्यांनी कडेपासून आत येत शिवण घालायला सुरुवात केली. लाल खूण आली की त्यांची ओळ वळायची, अक्षराला वळसा घालून पुढे जायची. ‘चंदगड’मधल्या अनुस्वारापाशी त्या थांबल्या. "हे टिकलीगत काय हाय?" तेही अक्षरच, असे मी सांगितल्यावर त्यांनी त्या एका टिंबाभोवती इवल्या टाक्यांचे गोल कडे घातले.

काम पुरे झाल्यावर लाल दोरे उसवले आणि वाकळ पलंगावर टाकली. आजूबाजूला टाके पडून कापड दबले होते आणि अक्षरांच्या जागी टाका नसल्याने ते फुगून वर आले होते. आईच्या हिरव्या लुगड्यावर निपाणी, चंदगड आणि बेळगुंदी ही नावे रंगाशिवाय, शाईशिवाय, नुसती उंचवट्याने उभी राहिली होती आणि तो अनुस्वार गुंडीसारखा वर आला होता. चित्रे मात्र आतच राहिली, कारण काजूच्या बोंडाला सुई टोचायला आत्यांची काही हरकत नव्हती. आत्यांनी अक्षरांवरून बोट फिरवले आणि काहीच न बोलता सुया डबीत टाकल्या. पुढे शेजारच्या एका बाईंनी तशीच वाकळ शिवून द्यायचे काय घ्याल, असे विचारले, तेव्हा आत्या म्हणाल्या, "आधी माहेर सांग तुझं."

तेव्हापासून मीही लिहिलेले कापड वाकळेच्या पोटातच घालते. झाकले जाणार हे ठाऊक असले, की हात घाबरत नाही आणि रंग निवडताना कोणाचे तोंड डोळ्यांसमोर येत नाही. हॉटेलच्या भिंतीवर काचेमागे टांगलेल्या गोधड्या पाहिल्या, की मला त्यांची कीव येते, पण ते असो.

हळियाळ, यल्लापूर या बाजूच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी समाजातल्या, स्त्रियाही त्यांची वाकळ, जिला त्या कवंदी म्हणतात, अशीच कडेकडेने आत येत शिवतात आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुले लावतात. संधी मिळाल्यास ते काम जवळून पाहावे.

ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांनी होळी झाली की बसावे, म्हणजे मिरगाच्या आत वाकळ पुरी होऊन तिला एक धुणे आणि कडक ऊन मिळते. खानापूरकडच्या पावसात भिजलेली वाकळ वाळत नाही. जुन्या लुगड्यांत नवे कापड घालायचे असेल तर ते आधी धुवून घ्यावे. हे पुन्हा सांगते, नवे कापड आधी धुवून घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि शेजारचे जुने कापड टाक्यापाशी फाटते. आणि लिहिलेल्या कापडावरून इस्त्री फिरवल्याखेरीज ते पोटात घालू नये, कारण आत पसरलेला रंग पुसायला नंतर हात पोहोचत नाही.

नमस्कार.