पन्नास हजार गुणिले पन्नास हजार

(पडद्यावर काळी खिडकी. एकच ओळ टाइप होते आणि थांबते.)

पन्नास हजार गुणिले पन्नास हजार. शाळेतलं पोरही सांगेल, अडीचशे कोटी. पण पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आकडेमोडीसाठी तयार कोडचा एक संच, म्हणजे लायब्ररी, आहे: नमपाय. विंडोजवर तिच्या ॲरेत, म्हणजे आकड्यांच्या रांगेत, हाच गुणाकार केला, की वर्षानुवर्षं उत्तर यायचं उणे १,७९,४९,६७,२९६. ना एरर, ना इशारा.

विंडोजवर नमपायचा नेहमीचा पूर्णांक होता ३२ बिटांचा, म्हणजे ३२ शून्य-एकांत मावणारा. २१४ कोटींच्या थोडं पुढे त्याची जागा संपते आणि आकडा उलटून थेट ऋण बाजूला जातो. लिनक्सवर मात्र तोच कोड बिनचूक चालायचा.

(जुन्या कोडच्या ओळी सावकाश सरकतात.)

ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी दोन जुन्या लायब्रऱ्यांचा मेळ घालून नमपाय बांधली. १.० आवृत्ती आली २००६ मध्ये. पायथनमध्ये आकड्यांचं जड काम करायचं तर आज तिच्यावाचून पान हलत नाही. २०१९ मध्ये जगाने कृष्णविवराचं पहिलं चित्र पाहिलं, त्यामागच्या गणितातही ती होती. आणि तिला पहिलं अनुदान मिळालं ते २०१७ मध्ये, मूर फाउंडेशनकडून. तोवरची अकरा वर्षं मुख्यतः लोकांनी आपली नोकरी, आपलं संशोधन सांभाळून काढलेल्या वेळावर गेली. मला हे फार मोठं वाटतं.

वेळ असा मोजका असला की पुढे काय करायचं हे ठरवताना आधी नाही म्हणावं लागतं. नमपायने ते लिहूनच ठेवलंय: काम साध्या प्रोसेसरवरच्या, मेमरीत मावणाऱ्या ॲरेंचं. जीपीयूचं, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपवरचं, काम इतर लायब्रऱ्यांनी करावं, पण एकच कोड सगळीकडे चालावा म्हणून समान नियम पाळायचे. मोठा बदल हवा असेल तर कुणीही 'नेप' नावाचा प्रस्ताव लिहितो. त्यावर खल होतो आणि शक्यतो सहमतीनेच निर्णय होतो. फेटाळलेले प्रस्तावही जपून ठेवतात, म्हणजे नव्याने आलेल्याला कळतं की ही वाट का सोडली.

मग तो पूर्णांक लगेच का नाही बदलला? कारण त्याच्या भरवशावर इतरांचा कोड उभा होता. अखेर असे बरेच बदल एकत्र बांधून जून २०२४ मध्ये २.० आवृत्ती आली, अठरा वर्षांनंतरची पहिली मोठी आवृत्ती. कोडमध्ये वापरायच्या नावांच्या मुख्य यादीतली शंभरेक नावं काढली, हलवली किंवा कालबाह्य ठरवली. नमपायच्या सी भाषेतल्या भागावर बेतलेल्या लायब्रऱ्यांना पुन्हा कंपाइल व्हावं, म्हणजे मशीनच्या भाषेत नव्याने उतरावं, लागलं. त्रास झाला, पण तो आधी सांगून दिलेला होता. विंडोजवरचा पूर्णांक ६४ बिटांचा झाला.

(हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथचा परिसर.)

इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. लायगो या अमेरिकेतल्या मूळ वेधशाळेच्या नोंदी तपासणारी पायथनची साधनं नमपायवरच उभी आहेत. उद्या इथल्या एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या विंडोजच्या लॅपटॉपवर नव्या नमपायमध्ये तो गुणाकार केला, तर तिला अडीचशे कोटीच मिळतील.