विहिरीत उतरवलेला अणुबॉम्ब

(वाशी येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेत. त्यांच्यापुढे मी अणुस्फोटावर बोलायचं म्हणजे आगाऊपणाच. पण मी रसायनशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे माझा भर स्फोटापेक्षा त्यातून निघालेल्या गॅसवर राहील.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत वालुकाश्मात नैसर्गिक वायू मुबलक आहे. अडचण एवढीच, की खडक फार घट्ट. विहीर खोदली तरी वायू तिच्याकडे सरकतच नाही. आजूबाजूला भेगा पाडल्या तरच तो वाहायला लागतो. हल्ली हे काम प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू आत ढकलून करतात. 1960च्या दशकात अमेरिकी अणुऊर्जा आयोगाला वाटलं, की हेच काम एका अणुस्फोटात उरकेल.

त्यांच्या या कार्यक्रमाचं नाव होतं प्लाऊशेअर, म्हणजे नांगराचा फाळ. सुरुवात 1957 सालची. कालवे खोदू, बंदरं खोदू, डोंगर फोडून रस्ते काढू, अशी स्वप्नं. 1962 मध्ये नेवाडात सेडान नावाचा 104 किलोटनांचा (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाची ताकद) स्फोट केला, त्याचा खड्डा जवळजवळ 390 मीटर रुंद आणि 100 मीटर खोल. त्यातून धूळ केवढी उडाली आणि कुठवर गेली, ते सांगत बसत नाही. मला विचाराल तर इथे वरात आधी निघाली आणि नवरीचा शोध मागाहून सुरू झाला. बॉम्ब होते, ते बनवणारी हुशार माणसं होती, सरकारी पैसा होता. काम तेवढं सापडायचं होतं.

गॅसच्या विहिरी हे त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटलं, कारण स्फोट खोल जमिनीत होणार. 10 डिसेंबर 1967 रोजी न्यू मेक्सिकोत गॅसबगी हा प्रयोग झाला. एल पासो नॅचरल गॅस ही खासगी कंपनी त्यात भागीदार. 29 किलोटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या दुपटीच्या आसपासचा बॉम्ब जवळपास 1,300 मीटर खोल उतरवला आणि उडवला. क्षणात भोवतीच्या खडकाची वाफ झाली, त्यापलीकडचा वितळला, मोठी पोकळी तयार झाली. मग पोकळीचं छत कोसळलं आणि फुटक्या दगडांनी भरलेलं, सुमारे 100 मीटर उंचीचं धुराडं उभं राहिलं. त्याच्या चहूबाजूंना भेगा. वायू त्या धुराड्यात येऊन साठू लागला. शेजारच्या जुन्या विहिरीपेक्षा इथे कितीतरी पट जास्त गॅस निघाला. हे यश मान्य करायलाच हवं.

आता रसायनशास्त्राकडे येतो. त्या गॅसमध्ये प्रामुख्याने दोन किरणोत्सारी पाहुणे होते, क्रिप्टॉन-85 आणि ट्रिटियम. क्रिप्टॉन कशाशी संयोग करत नाही. सुरुवातीचा गॅस काढून टाकत गेलं, की त्याचं प्रमाण उतरतं. ट्रिटियमची गोष्ट निराळी. तो हायड्रोजनच, फक्त वजनाने जड. मिथेनच्या रेणूत हायड्रोजनचे चार अणू असतात. त्यातल्या एकाच्या जागी ट्रिटियम जाऊन बसला, तरी तो मिथेनच राहतो. तसाच जळतो, तसाच पाइपातून वाहतो, आणि गाळून वेगळा काढणं व्यवहारात परवडत नाही. जळला की त्याची पाण्याची वाफ होते.

ती वाफ कुठे जाणार? नेरूळच्या वन बीएचकेतलं स्वयंपाकघर आठवा. पाइपचा गॅस, दोन शेगड्या, एकीवर डाळीचा कुकर, पावसाचा झोत येतो म्हणून खिडकी लावलेली, एक्झॉस्ट पंखा कधीचा बंद. ती वाफ घरातच कोंडणार. याचे हिशोब तेव्हाही मांडले गेले होते. ग्राहकाला मिळणारी किरणोत्साराची मात्रा नैसर्गिक किरणोत्सारापेक्षा बरीच कमी भरते, असंच त्यातून निघालं. माझा त्या हिशोबावर विश्वास आहे. पण म्हणून ते कनेक्शन मी घेतलं असतं का? नाही. अमेरिकेतल्या गृहिणीनेही घेतलं नसतं. या प्रयोगांतला गॅस शेवटपर्यंत कुणाच्याही शेगडीपर्यंत पोचला नाही.

1969 मध्ये कोलोराडोत रुलिसन हा पुढचा प्रयोग झाला, 40 किलोटन, अडीच किलोमीटर खोल. निदर्शक डोंगरात शिरून बसले होते, तरीही तो उडवला. चाचणीत निघालेला सुमारे 45 कोटी घनफूट गॅस हवेत जाळून टाकला. 1973 मध्ये रिओ ब्लँकोत एकाच विहिरीत 33 किलोटनांचे तीन बॉम्ब एकावर एक ठेवून एकदम उडवले. तिन्ही धुराडी एकमेकांना जोडली जातील असा अंदाज होता, तो फसला. पुढच्याच वर्षी कोलोराडोच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली, की जनतेची मंजुरी घेतल्याशिवाय असा स्फोट करता येणार नाही. वायोमिंगमध्ये तर पाच स्फोटांची योजना कागदावरच राहिली. पाइनडेल गावाजवळची ती जागा. तिथेच पुढे पाण्याच्या दाबाने खडक फोडून देशातल्या मोठ्या गॅसक्षेत्रांपैकी एक उभं राहिलं.

सोव्हिएत संघाने मात्र शांततेच्या कामांसाठी असे शंभराहून अधिक अणुस्फोट केले. त्यातले काही खरोखर कामाला आले, एक उदाहरण देतो. उझबेकिस्तानात उर्ताबुलाक इथे 1963 च्या अखेरीस गॅसविहिरीला आग लागली आणि जवळपास तीन वर्षं विझेना. 1966 मध्ये शेजारून तिरकी विहीर खोदून दीड किलोमीटर खोलीवर 30 किलोटनांचा बॉम्ब उडवला. खडक सरकला, विहीर दाबली गेली आणि आग अर्ध्या मिनिटाच्या आत विझली. हे ऐकून कुणी हुरळून जाऊ नये म्हणून सांगतो, 1972 मध्ये युक्रेनमध्ये तोच उपाय केला, तो साफ फसला.

मागून प्रश्न आलाय, पोखरणचं काय? 18 मे 1974 च्या स्फोटाला आपण शांततामय स्फोटच म्हटलं होतं. खाणकामासाठी, माती हलवण्यासाठी हे तंत्र अभ्यासायचं, अशी सरकारची भूमिका होती. पुढे 1997 मध्ये त्या स्फोटामागचे प्रमुख शास्त्रज्ञ राजा रामण्णांनी तो बॉम्बच होता हे उघड सांगून टाकलं. आणि गॅसचं म्हणाल, तर 1974 च्याच फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या जहाजाने अरबी समुद्रात मुंबई हायला तेल शोधलं होतं. तिथला खडक चुनखडीचा, मुळातच पोकळ्यांचा. तेल आणि वायू तिथून समुद्राखालच्या पाइपांनी उरणला येतात, इथून तासाभराच्या अंतरावर.