साच्याला डोळे नसतात

मागे ऐकू येतंय ना? बरं. विषय आहे घरच्या सर्व्हरवर पुन्हा पुन्हा वापरता येतील असे टेम्प्लेट, म्हणजे नवी यंत्रं काढायचे साचे. वेळ पंचवीस मिनिटं. तुमच्यापैकी बहुतेकांच्या माळ्यावर एखादं जुनं यंत्र घुरघुरत असणारच, त्यामुळे प्रॉक्समॉक्स म्हणजे काय इथून सुरुवात करत नाही. व्हिएन्नाच्या मंडळींनी 2008 साली डेबियन लिनक्सच्या पायावर ते उभं केलं आणि एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवायला ते लागतं, एवढं पुरे. यंत्राचं वीजबिल किती येतं हा घरचा प्रश्न. तो इथे घ्यायचा नाही.

मी मूळचा पेणचा. आमच्या आळीत गणपतीचे कारखाने. साच्यातून निघालेल्या मूर्ती फळ्यांवर ओळीने वाळत असायच्या, सगळ्या सारख्या आणि सगळ्या बिनडोळ्यांच्या. डोळ्यांची आखणी शेवटी, हाताने. ती चालू असताना आम्हा पोरांना तिथे श्वाससुद्धा जपून घ्यावा लागे. म्हणजे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी मी डोळ्यांसकट साचा काढला.

झालं असं. एका आभासी यंत्रात उबुंटू सर्व्हर हे लिनक्स टाकलं, अपडेट केले, प्रोग्रॅम डब्यात बंद करून चालवणारं डॉकर बसवलं, घड्याळ भारतीय वेळेला लावलं आणि मोठ्या अभिमानाने 'कन्व्हर्ट टू टेम्प्लेट' दाबलं. त्यातून दोन क्लोन, म्हणजे नकला, काढल्या, एक फोटोंसाठी, एक फायलींसाठी. रात्री फोटोंच्या यंत्रात एक फोल्डर केलं. सकाळी बघतो तर गायब! दुपारी पुन्हा हजर. मी एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, आत शिरायचो, पण शिरलो कुठे ते कळायचं नाही, कारण होस्टनेम, म्हणजे यंत्राचं नाव, दोन्हीकडे तेच. एसएसएच ज्यांवरून यंत्र ओळखतं त्या होस्ट-की पण त्याच, म्हणजे 'समोरचं यंत्र बदललंय' असा इशारा जो एरवी हमखास येतो तोही येईना. दोघांचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा, पत्ता एकच! मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डांचे क्रमांक, मात्र वेगळे, प्रॉक्समॉक्स क्लोन करताना ते नवे देतं. मग मी हे पत्ते वाटणाऱ्या राउटरला शिव्या घातल्या. नुसत्या शिव्या नाहीत, नवा राउटर आणला. बायको म्हणाली, 'जुन्यात काय वाईट होतं?' काहीच नव्हतं. नव्यानेही दोघांना तोच पत्ता दिला.

चोर होता /ईटीसी/मशीन-आयडी या फाइलमध्ये. बत्तीस अक्षरांची ओळ. उबुंटू सर्व्हर डीएचसीपीकडे, म्हणजे राउटरमधल्या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, पत्ता मागताना मॅक ॲड्रेसवरून ओळख सांगत नाही, या ओळीवरून बनवलेली सांगतो. दोन मूर्तींना एकाच जोडीचे डोळे, राउटर बिचारा काय करणार?

...पाच मिनिटं? चिठ्ठी आली. मग भरभर.

मशीन-आयडीची फाइल उडवू नका, रिकामी करा, पुढच्या बूटला नवी ओळ तयार होते. होस्ट-की पुसा. आणि हे सगळं हाताने करण्यापेक्षा तयार क्लाउड इमेज, म्हणजे आधीच बसवलेल्या लिनक्सची डिस्क-फाइल, घ्या, ती डिस्क म्हणून आयात करा, पहिल्या बूटला यंत्राची ओळख भरणाऱ्या क्लाउड-इनिटची ड्राइव्ह जोडा आणि *एकदाही सुरू न करता* टेम्प्लेट करा. नाव, युजर, लॉगिनसाठीची पब्लिक की, आयपी क्लोनगणिक भरा, होस्ट-की क्लाउड-इनिट स्वतः नव्या बनवतं. डोळ्यांची आखणी ती हीच.

साच्याच्या डिस्कवर टेकलेला लिंक्ड क्लोन क्षणात होतो, जागा फक्त फरकाची खातो, पण मूळ टेम्प्लेट मग काढता येत नाही. जे यंत्र वर्षानुवर्षं ठेवायचंय त्याला फुल क्लोन, म्हणजे पूर्ण स्वतंत्र नक्कल. टेम्प्लेट केलेलं यंत्र परत चालू करता येत नाही. सुधारायचं तर फुल क्लोन काढा, तो सुधारा, साफ करा, नवा साचा करा. माझ्या साच्यांचे प्रॉक्समॉक्समधले नंबर 9000 पासून पुढे असतात, यादीत तळाशी.

आभासी यंत्राऐवजी कंटेनर घेतलात, तर त्याला स्वतःचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नाही, तो होस्टचा, म्हणजे मूळ यंत्राचाच वापरतो, म्हणून हलका. तिथे क्लाउड-इनिटची ड्राइव्ह नसते, नाव आणि आयपी प्रॉक्समॉक्सच आत लिहितं. नेटवरून उतरवलेल्या तयार टेम्प्लेटवरून कंटेनर केलात तर काळजी नाही. स्वतःच्या कंटेनरचा साचा केलात, तर क्लोनमध्ये होस्ट-की जुन्याच आल्यात का ते डोळ्यांनी बघा.

बाकी प्रश्न चहाला. आणि तो राउटर विकायचा आहे, खोक्यासकट, कुणाला हवा असेल तर.